लेकरांसाठी भेट घेताना: बर्डीच्या बाजाराला निघण्याआधी वाचा

दोन वर्षांपूर्वी इथे नागपुरात आमच्या मजल्यावर पुण्याहून एक जोडपं राहायला आलं. मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योग वसाहतीत नोकरी, मूलबाळ अजून नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी घाईघाईने माझी बेल वाजवली. "काकू, दारात बारा-तेरा मुलं उभी आहेत. प्रत्येकाकडे लाकडी बैल आहे. आणि कोणी हलतच नाहीये!"

मी म्हटलं, बाप्पा, आज तान्हा पोळा. बैलांना ओवाळा अन् पोट्ट्यांना बोजारा (खाऊ नाही तर पैसे) द्या, मग हलतील. त्यांच्याकडे होती पाचशेची एक नोट आणि फ्रिजमध्ये अर्धा केक. शेवटी माझ्या डब्यातल्या दहा-दहाच्या नोटांवर वेळ निभावली.

मग दिवाळी आली, त्यांचे भाचे नागपूर बघायला येणार होते, आणि त्यांना काय द्यायचं हा प्रश्न पुन्हा माझ्या दारात. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. सख्खे-चुलत मिळून अकरा भाचे-पुतणे आहेत, म्हणजे या बाबतीत चुका करायला मला भरपूर वाव मिळालेला आहे. त्या दोघांना जे तोंडी सांगितलं तेच इथे लिहिते. नव्याने मामा, मावशी, आत्या झालेल्यांना किंवा नव्याने नागपुरात आलेल्यांना उपयोगी पडेल.

पहिलं काम: फोन करा, पण प्रश्न बदला

आपण लेकराच्या आईला फोन करतो आणि विचारतो, "त्याला काय आवडतं गं?" उत्तर ठरलेलं. गाड्या. बाहुल्या. डायनासोर. उत्तर खोटं नसतं, पण ते त्याच्या आबाजींना, मोठ्या आईला, दोन्ही काकांना आणि शेजारपाजारच्या सगळ्यांना आधीच माहीत असतं. माझ्या एका पुतण्याच्या गाड्या मी एकदा मोजल्या. चव्वेचाळीस निघाल्या. पंचेचाळिसावी माझ्या पिशवीत होती.

त्याऐवजी असं विचारा: टीव्ही बंद, मोबाइल बंद, कोणी काही सांगितलेलं नाही, अशा वेळी तो काय करत बसतो? व्याकरणाच्या बाईची खोड म्हणा, पण मला इथे नाम नको असतं, क्रियापद हवं असतं. रांगा लावतो. उघडून बघतो. कापाकापी करते. दुकान मांडते. सगळ्यांना शिकवत सुटते. भेट त्या क्रियापदासाठी घ्यायची.

पुतण्याच्या आईचं उत्तर होतं, "तो गाड्या चालवतच नाही हो, पलंगाखाली नुसत्या लावून ठेवतो." म्हणजे पोट्टं पार्किंग करून राहिलं होतं! पुढच्या दिवाळीला मी रंगीत खडूंचे दोन मोठे डबे आणि शिंप्याची मापाची टेप घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या गच्चीवर व्हरायटी चौक तयार. झेब्रा क्रॉसिंग, सिग्नल, गांधीजींचा पुतळा, आणि चव्वेचाळीस गाड्या लाल दिव्यापाशी अडकलेल्या. पुतळ्याच्या हातातली काठी काढायची राहिली, म्हणून जेवण झाल्यावर टॉर्च घेऊन पुन्हा वर गेला. माझा खर्च दोनशेच्या आत.

उघडून बघणाऱ्याला चांगल्या स्क्रू-ड्रायव्हरचा संच आणि बंद पडलेलं गजराचं घड्याळ द्या. टीव्ही, मायक्रोवेव्ह किंवा चार्जर उघडायला देऊ नका, त्यांत बंद असतानाही झटका बसण्याइतकी वीज साठलेली असू शकते. दुकान मांडणारीला खरा लहान तराजू, वजनं आणि कार्बनचं पावतीपुस्तक. शिकवत सुटणारीला फळा आणि हजेरीपट. माझ्या भाचीने हजेरीपटात पहिल्या दिवशी आजीला गैरहजर दाखवलं, कारण आजी देवपूजेत होती. कापाकापी करणारीला खरोखर कापणारी, बोथट टोकाची कात्री. प्लॅस्टिकच्या खेळण्यातल्या कात्रीने कागद नुसता चुरगळतो आणि लेकरू रडवेलं होतं.

भंगारातून विज्ञानाची खेळणी करणारे अरविंद गुप्ता तुम्हाला माहीत असतील, 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी कशी करायची ते इंटरनेटवर फुकट बघता येतं. एका डब्यात स्ट्रॉ, रबरबँड, सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे, आगकाड्या (गुल काढून), चुंबक आणि दोरा भरला, की आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी अख्खी सुट्टी त्या डब्यात मावते.

दुसरं: ते घर डोळ्यांपुढे आणा

इथे माझी स्वतःची फजिती सांगते. दोन खोल्यांच्या घरातल्या पाच वर्षांच्या भाच्याला मी ढोल दिला. त्याचा थोरला भाऊ त्या वर्षी दहावीला. तुळशीच्या लग्नाआधी ढोल माळ्यावर गेला आणि बहीण माझ्याशी जरा तुटकच बोलू लागली. चूक तिची नव्हती.

तेव्हापासून दुकानात उभी राहून मी स्वतःला विचारते: हे ठेवणार कुठे? आवाज किती? सेल लागतात का? (लागत असतील तर सेल आपणच आणायचे, नाही तर पाडव्याच्या सकाळी सगळी दुकानं बंद आणि लेकरू हातात मुकं खेळणं घेऊन बसलेलं.) आणि मुख्य म्हणजे, याच्यासोबत खेळायला कोण बसणार? आई-बाबा रात्री आठला घरी येतात आणि मूल एकटंच, अशा घरात चौघांचा खेळ देऊन उपयोग नाही. उलट जिथे आबाजी दिवसभर घरी असतात तिथे कॅरम द्या. दोघांचंही कल्याण होतं.

मासे, पोपटाची पिल्लं, ससे असलं काही न विचारता नेऊ नका. त्यावर जास्त लिहीत नाही.

सायकल घ्यायची असेल तर मुलाला सोबत न्या. वयावर जाऊ नका, पायांच्या लांबीवर जा. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला नीट टेकायला हवेत. साधारण 12 इंची चाक तीन-चार वर्षांच्याला, 16 इंची पाच-सहाच्याला आणि 20 इंची सात-आठच्या पुढे जमतं. "वाढत्या अंगाची" सायकल घेणं हा आपला लाडका चुकीचा हिशोब आहे. फ्रॉक वाढत्या अंगाचा चालतो. सायकल वाढत्या अंगाची घेतली तर गुडघे फुटतात.

तिसरं: डब्यावरचं वय आणि दहाचं नाणं

खेळण्याच्या डब्यावर "3 वर्षांखालील मुलांसाठी नाही" असं लिहिलेलं असतं. त्यावर हमखास ऐकू येतं, "आमचा फार हुशार आहे हो, त्याला जमतं." ती सूचना हुशारीबद्दल नाही, घशाबद्दल आहे. तीन वर्षांखालच्या लेकरांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासायला सुमारे 32 मिलिमीटर रुंदीची नळी वापरतात. तुकडा तिच्यात मावला तर तो घशात अडकू शकतो असं धरतात. आपलं दहा रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं. म्हणजे दहाच्या नाण्याहून जेमतेम मोठी वस्तूही धोक्याचीच.

गोल चपट्या बटण सेलबद्दल मात्र मी दुकानदाराशी भांडते. त्यातला नेहमी दिसणारा 2032 नंबरचा सेल 20 मिलिमीटर रुंद आणि 3.2 मिलिमीटर जाड असतो. लेकराने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतच आतून भाजायला सुरुवात होते. लुकलुकणारे बूट, गाणारं ग्रीटिंग कार्ड, छोटा रिमोट, सगळ्यांत असलेच बटण सेल. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर ते खेळणं घेऊ नका. आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता मोठ्या दवाखान्यात न्या. छोटी जोरदार चुंबकं (दोन गिळली तर आतड्याला चिमटा बसतो), पाण्यात फुगणारे रंगीत मणी आणि फुगे, हेही लहानांच्या घरात नकोत.

हे बोरन्हाणालाही लागू आहे. संक्रांतीनंतर घरोघरी लूट होते. मूल मधोमध, वरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या, आणि आता त्यांत छोटी प्लॅस्टिकची खेळणीही. लुटायला येणाऱ्यांत सहा वर्षांचे असतात आणि रांगणारेही. रांगणारं कडेवर घ्या, मग ओता. त्याच दिवसांत पतंग देणार असाल तर सोबत काच न लावलेला साधा सुती दोरा द्या. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच बंदी घातली, तरी नागपुरात दर संक्रांतीला गळे कापल्याच्या बातम्या येतात.

1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणं सक्तीचं आहे. चिन्हाजवळ परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून खरा-खोटा बघता येतो. नोंदणीकृत हस्तकलाकारांच्या खेळण्यांना यातून सूट आहे. त्यामुळे लाकडी वस्तू घेताना आपले डोळे, नाक आणि बोटं हीच तपासणी. ती कशी करायची ते बैलावरून सांगते.

तान्ह्या पोळ्याचा बैल

नागपुरात मुलाला द्यायची एकच भेट निवडा म्हटलं तर मी लाकडी बैल निवडेन. भोसल्यांच्या काळापासून इथे पोरांचा हा वेगळा पोळा भरतो. सकाळी मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, "घेऊन जा गे मारबत"चा ओरडा, आणि संध्याकाळी गल्लोगल्ली चाकांवरचे बैल. श्रावण संपत आला की महाल, इतवारी, बर्डीकडे बैल मांडलेले दिसू लागतात. तळहातावर मावणाऱ्यापासून ते दोन माणसांनी उचलावा लागेल इतक्या मोठ्यापर्यंत. काही शेकड्यांपासून हजारोंपर्यंत भाव.

नव्याने घेणाऱ्याने एवढं करावं. बैल उचलून आधी चाकं फिरवा, मग जमिनीवर ठेवून दोरीने ओढा. लाज बाळगू नका, दुकानदाराला सवय असते. एका बाजूला ओढत असेल तर चाकाचा कणा तिरपा बसलाय. आपल्या रस्त्यांवर तो दुसऱ्या चौकापर्यंतही टिकणार नाही. शिंगांवरून आणि पोटाखालून अंगठा फिरवा. वरचं अंग सगळेच घासतात, पोटाखालचं फक्त चांगला सुतार घासतो. चाकांपाशी खिळ्याचं टोक बाहेर आलंय का बघा. रंग नखाने खरवडून बघा, नाकाशी नेऊन वास घ्या. उग्र वास येत असेल आणि घरात वस्तू तोंडात घालणारं लेकरू असेल तर तो बैल तिथेच ठेवा. दोरी लांब असेल तर दीड-दोन वर्षांच्याला एकट्याला देऊ नका, ती गळ्याभोवती गुंडाळली जाते.

आणि माझा आवडता उपाय: सुताराला आधीच सांगून न रंगवलेला बैल घ्या. सोबत रंग, ब्रश, घुंगरांची पट्टी, बेगड आणि झुलीसाठी जरीचा तुकडा. लेकरू आठ दिवस त्याच्यामागे असतं. माझ्या एका भाचीने बैलाला निळा रंग दिला. गल्लीतल्या पोट्ट्यांनी विचारलं, "काहून वं, बैल निळा असते का?" ती म्हणाली, "माझा असते." तो बैल अजून तिच्या घरी आहे. दरवर्षी नवी झूल, बैल तोच. महालातल्या काही घरांत आबाजींचा बैल नातवाकडे आलेला मी पाहिलाय. मात्र ज्या घरी आधीच वडिलोपार्जित बैल असेल तिथे दुसरा नेऊ नका. झूल न्या.

पुस्तकं

दिवाळीची पुस्तकं मी दिवाळीत घेत नाही, दसऱ्यालाच घेऊन ठेवते. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, म्हणजे दसऱ्याला, देशभरातून लोक येतात आणि पुस्तकांचे स्टॉल लागतात. माणसं पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. तिथे लेकरांना घेऊन जा आणि त्यांना स्वतः निवडू द्या. गर्दीची तयारी ठेवा. पाण्याची बाटली घ्या आणि लेकराच्या खिशात तुमच्या फोन नंबरची चिठ्ठी ठेवा.

दुकानात निवडताना मधलं कुठलंही पान उघडून लेकराला वाचायला सांगा. एका पानात पाचापेक्षा जास्त शब्द अडले तर ते पुस्तक अजून त्याचं नाही, ते तुम्ही त्याला वाचून दाखवायचं. लेकरू इंग्रजी शाळेत असेल तर मराठी पुस्तक त्याच्या वयापेक्षा दोन वर्षं मागचं घ्या आणि ते त्याला सांगू नका. "बोध" देणारी पुस्तकं मी टाळते. शाळेत मीच दिवसभर बोध करत होते, सुट्टीत तरी नको.

मासिकाची वर्गणी ही मला सगळ्यात हुशार भेट वाटते. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतंय. अंकावर लेकराचं स्वतःचं नाव येतं. ज्या घरात पोस्टमन फक्त बँकेची पत्रं आणतो तिथे आठ वर्षांच्या माणसाला स्वतःची टपाल येणं ही मोठी गोष्ट आहे.

वस्तू नको असेल तर

काही घरांत खरंच जागा नसते किंवा सगळंच असतं. तिथे एक दिवस द्या. गांधीसागरासमोरचं रमण विज्ञान केंद्र, तिथलंच तारांगण. 1863 सालचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, तिथे पेंढा भरलेले प्राणी-पक्षी आहेत. आगगाडीवेड्याला मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय. वाघासाठी गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय. सुट्टीचा वार कोणता ते आधी विचारून घ्या, बंद फाटकासमोर मीही उभी राहिले आहे.

फक्त "तुला कधीतरी नेईन" ही भेट नव्हे, ती थाप. चिठ्ठीवर तारीख घाला: भाऊबिजेनंतरचा पहिला रविवार, सकाळी दहा, येताना तर्री पोहे. माझ्या पुतण्याने ती चिठ्ठी कंपासपेटीत ठेवली होती आणि रोज बाबांना दाखवायचा. बाबा बिचारे कामाचं काही ठरवूच शकले नाहीत.

दिवाळी थंडीच्या तोंडावर येते, म्हणून कुंडी आणि मूठभर मेथीदाणेही छान. मेथी तीन-चार दिवसांत वर येते. सांबाराला, म्हणजे कोथिंबिरीला, आठ-दहा दिवस लागतात आणि तोवर लेकराने माती चार वेळा उकरून पाहिलेली असते. सुरुवात मेथीनेच करा.

उन्हाळ्याच्या सुट्टीचा हिशोब निराळा. विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात, आणि मे महिन्यात दुपारी दार उघडायची सोय नसते. कूलरसमोर बसून खेळता येईल तेच द्या: पत्ते, व्यापार, कॅरम, सागरगोटे. बॅट-बॉल दिलात तर ती पोरं बारा वाजता उन्हात जातील आणि शिव्या तुम्ही खाल.

बाजार, पैसे, भावंडं

कॉलनीतल्या वीस मुलांना काही द्यायचं असेल तर इतवारीचा घाऊक बाजार. एकच वस्तू घ्यायची असेल तर बर्डी, आणि मेट्रोने जा, सीताबर्डी इंटरचेंजला उतरून चालत. दिवाळीआधीच्या शेवटच्या रविवारी बर्डीत पाऊल टाकू नका. लेकराला तर मुळीच नेऊ नका.

दोन भावंडं असतील तर सारख्या किमतीच्या भेटींच्या मागे लागू नका, मुलांना किंमत कळत नाही. त्यांना आकार आणि संख्या कळते. एकाला मोठा डबा आणि दुसऱ्याला पाकीट असं झालं की पाकिटात सोनं असलं तरी रडारड.

रोख रक्कम देणं कमी दर्जाचं असं मला वाटत नाही. बोजारा आणि ईदी यांच्यावर पिढ्या मोठ्या झाल्या. मात्र हजाराचं पाकीट दिलं की ते आईच्या पर्समध्ये जातं. त्यापेक्षा दहा-दहाच्या कोऱ्या नोटा आणि कुलपाचा गल्ला द्या, किल्ली लेकराच्या हातात. लहान मुलीच्या आई-वडिलांनी सुकन्या समृद्धीचं खातं काढलेलं असेल तर त्यात भर घाला, वर्षाला किमान 250 रुपये भरावे लागतात. पण त्यासोबत हातात काहीतरी खेळायलाही द्या. पाच वर्षांच्या पोरीला पासबुकाचं काय कौतुक?

हातात देताना

सगळे पाहुणे जमलेले, फटाक्यांचा आवाज, फराळाची ताटं, आणि त्यात चार भेटी एकदम. यात तुमची भेट हरवते. शक्य असेल तर एक दिवस आधी किंवा पाहुणे गेल्यावर द्या. किंमतीचा कागद काढा. "आवडलं का? थँक्यू म्हण मावशीला" असं डोक्यावर उभं राहून विचारू नका. खाली जमिनीवर बसा आणि स्वतः खेळायला लागा. लेकरू पाच मिनिटांत येतं. आलं नाही तर राहू द्या, चिवडा खा.

त्या पुण्याच्या जोडप्याने यंदाच्या तान्ह्या पोळ्याला तयारी चोख ठेवली होती. निरांजन, कुंकू, आणि प्रत्येक पोट्ट्यासाठी सहा रंगीत खडूंची कागदी पुडी. रात्रीपर्यंत आमच्या पार्किंगमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे बैल, मारबती आणि एक विमान. मी नेहमीचा डबा घेऊन दहा-दहाच्या नोटा वाटत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या पोट्ट्याने नोट खिशात घातली, बैलाची दोरी ओढली आणि जाता जाता विचारलं, "आजी, तुमच्याकडे काहून नुसते पैसेच?"